रानवाटेवरची फटफटी

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृती सांगते, कोणी यात्रेची हकिगत सांगते, कोणी आरोग्यावर बोलते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या थोरलीच्या डोंगरातल्या फटफटीवर बोला. निम्म्या पेठेत तोच विषय चालतो. माघारी होण्यापेक्षा तो समोरासमोर झालेला बरा." मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. परंतु विषय घरचा आहे आणि प्रश्नही खरा आहे. आपल्याच पेठेतल्या तीन मुलींनी आपापल्या आयांना सांगितले आहे की, आम्हांलाही ती गाडी शिकायची आहे. त्या तिन्ही आया इथे बसल्या आहेत. त्यांनी मला विचारले, "वहिनी, हे बरे की वाईट?" मी जे पाहिले आणि हाताने करून पाहिले, ते सांगते. मग काय ते आपण ठरवावे.

प्रथम ही गाडी म्हणजे काय ते सांगते. तिला डर्ट बाईक म्हणतात. डर्ट म्हणजे माती. मातीत चालवायची फटफटी, एवढाच अर्थ. हिच्या दोन जाती आहेत. एक निव्वळ शर्यतीची. तिला दिवे नसतात, आरसे नसतात, नंबराची पाटीही नसते. ती बंद मैदानातच चालवायची. सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. दुसरी जात डांबरी रस्त्यावरही चालते आणि कच्च्या वाटेवरही. आपल्याकडे २०११ साली हीरोची इम्पल्स आली, २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली आणि २०१९ साली हीरोची एक्सपल्स आली. तेव्हापासून साध्या घरातल्या मुलांनाही अशी गाडी घेणे जमू लागले. आमच्या थोरलीने दुकानात हिशेब लिहून साठवलेल्या पैशांतून या दुसऱ्या जातीची एक जुनी गाडी घेतली. आमच्या ह्यांचे गॅरेज असल्यामुळे ती उघडून, तपासून, पारखून घेतली, एवढाच बापाचा हातभार.

तिची ठेवण साध्या गाडीहून वेगळी असते. पुढचे चाक मोठे, एकवीस इंची. मागचे अठरा इंची. मोठे चाक दगडावर चढते, लहान चाक त्याला अडते. चाकांना सायकलीसारख्या तारा असतात. आपटले तर तारा थोडे सोसून घेतात. टायरला जाड जाड गाठी असतात, त्या मातीत रुततात. इंजिनाचे पोट जमिनीपासून वीतभर वर असते, म्हणजे खालून धोंडा लागत नाही. आणि वजन म्हणाल तर दीडशे किलोच्या थोडे वर, सिमेंटची तीन पोती समजा. हे वजन लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता ती चालवायची कशी? पुष्कळांना वाटते, जोरात पिळली की झाले. तसे नाही. डोंगरातली गाडी बहुतेक वेळ उभ्याने चालवतात. पाय ठेवायच्या दांड्यांवर उभे राहायचे, गुडघ्यांनी टाकी अलगद धरायची, कोपरे बाहेर, पाठ सैल. बसले की प्रत्येक हिसका कमरेला बसतो आणि सारे अंग गाडीबरोबर उडते. उभे राहिले की गाडी पायांखाली हलते, आणि आपण वर शांत. माझ्यासारख्या डोंगरातल्या लेकीला हे ताबडतोब कळले. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन आम्ही निसरड्या पायवाटेने उतरत होतो, तेव्हा काय करत होतो? मान स्थिर, गुडघे सैल, आणि नजर पायांवर नव्हे तर आठ-दहा पावले पुढे. हंड्यातले पाणी डचमळत नसे. गाडीवरही तेच करायचे.

चढावर अंग पुढे न्यायचे, नाहीतर पुढचे चाक हलके होऊन उचलते. उतारावर अंग मागे न्यायचे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये राहायचे आणि क्लच सोडून ठेवायचा. मग इंजिनच गाडीला धरून ठेवते. पुढचा ब्रेक दोन बोटांनी, अंदाज घेत. सुट्या खडीवर तो करकचून दाबला की पुढचे चाक सरकलेच म्हणून समजा. चिखलात मध्येच थांबायचे नाही, आणि वेगही वाढवायचा नाही. एकाच चालीने पार व्हायचे. टायरमधली हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते. मात्र डांबरी रस्ता लागण्याआधी ती पुन्हा भरायची. म्हणजे पाहा, या साऱ्यात वेग कुठेच नाही. रानातल्या वाटेवर ही मुले पुष्कळदा ताशी पंधरा-वीस किलोमीटरनेच जातात. आपल्या पेठेतून भाजी आणायला जाणारी मुले याहून जोरात जातात, आणि तीही हेल्मेट न घालता.

आता तुम्ही म्हणाल, वहिनी, हे सगळे खरे, पण तुमची पोरगी पडली होती ना? होय, पडली. २०२३ च्या नोव्हेंबरात पडली आणि तिचे हासळीचे हाड मोडले. ती गोष्ट मी झाकत नाही. उतारावर वाटेच्या मधोमध एक धोंडा होता. दोन्ही बाजूंनी जायला जागा होती. तरी ती धोंड्यावरच गेली. बरोबरच्यांनी ओढणीची झोळी करून तिचा हात गळ्यात बांधला, हेल्मेट सावकाश काढले आणि जीपने खाली आणले. दीड महिना हात गळ्यात होता. सासूबाई म्हणाल्या, "आता ती गाडी भंगारात घाला." आजूबाजूचेही पुष्कळ जण बोलले. मी तिच्यापाशी बसून विचारले, "तू पडलीस कशी, ते सांग." ती म्हणाली, "आई, मी धोंड्याकडेच बघत राहिले. गाडी नजरेमागे जाते. मोकळ्या जागेकडे बघायला पाहिजे होते." ह्यांनीही मान डोलावली. धोंड्याकडे टक लावली की हात आपोआप तिकडेच वळतात, हे चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत असते.

कारण कळले म्हणून मी तिला पुन्हा जाऊ दिले. नुसता हट्ट असता तर जाऊ दिले नसते. हाड सांधल्यावर तिने दोन महिने गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर विटा मांडून सराव केला. विटेकडे न बघता विटेशेजारून जायचे. मी तिथे उन्हात छत्री घेऊन बसत असे. त्या माळावरच एक दिवस ती म्हणाली, "तू नुसती बसतेस कशाला? शिक." स्कूटर मला येत होती. त्रेचाळिसाव्या वर्षी मी ही गाडी शिकले. आता का शिकले ते सांगते.

माझे माहेर जावळीच्या खोऱ्यातली एक वाडी. जावळी म्हटले की तुम्हांला प्रतापगड आठवेल, १६५९ साल आठवेल. आम्हांला आठवते ती वाट. आमच्या वाडीला तेव्हा एसटी नव्हती, रस्ताही नव्हता. आजारी माणूस डोलीत घालून चौघांनी खाली न्यायचे. बाळंतीण अडली तरी तेच. वाडीत शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा डोंगरापलीकडे, रानातून दोन तासांची वाट, आणि पावसाळ्यात ओढा भरला की तीही बंद. माझे दोघे भाऊ तिथे नातेवाइकांकडे राहून शिकले. मुलीला परक्या घरी कुठे ठेवायचे, म्हणून मी सातवीत थांबले. माझ्या बुद्धीने मी थांबले नाही, वाटेने थांबवले. मी कोणाला दोष देत नाही. आईबापांनी त्या काळी जे सुचले ते केले.

पुढे त्या वाटेवर मुरूम टाकून कच्चा रस्ता झाला. गेल्या डिसेंबरात मी त्याच रस्त्याने स्वतः गाडी चालवत माहेरी गेले. लेक पुढे, मी मागे. मोरीपासून वाडीपर्यंत तीन किलोमीटर. ऐन, हिरडा, अंजनी, जांभूळ. डोक्यावर सावली आणि खाली पाचोळा. एका वळणावर शेकरू दिसले. शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तांबूस रंगाची मोठी झुपकेदार शेपटीची खार. दोघींनी गाड्या बंद केल्या आणि ते या फांदीवरून त्या फांदीवर जाईपर्यंत पाहत राहिलो. दोन ठिकाणी मी पाय टेकले. एकदा गाडी अलगद आडवी झाली, ती मीच उचलली. ज्या वाटेला पूर्वी तास लागे, तिला वीस मिनिटे लागली. वाडीतल्या माझ्या चुलतीने दारातच विचारले, "तू चालवत आलीस?" मी होय म्हटले. ती पुढे काही बोलली नाही; पाण्याचा तांब्या आणून दिला आणि गाडीच्या सीटवरून हात फिरवला.

म्हणून मला ही गाडी केवळ श्रीमंतांची चैन वाटत नाही. कच्च्या वाटेवर निर्धास्त गाडी चालवता येणे, ही आपल्या डोंगरी मुलखातली उपयोगाची विद्या आहे. आशाताई, परिचारिका, शिक्षिका यांना आजही अशा वाड्यांवर जावे लागते. ज्या मुलीला चिखल, खडी आणि उतार यांची भीती नाही, तिची नोकरी आणि शिक्षण वाटेवाचून अडत नाही. आणि त्यात आनंदही आहे, तो का नाकारावा? पहाटेचे धुके, दरीतला वारा, सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, हे आपल्या मुलींनी फोटोतच का पाहावे?

बायकांनी हे करणे नवे आहे असेही नाही. अमेरिकेत ऑगस्टा आणि ॲडलीन व्हॅन ब्युरेन या दोघी बहिणी १९१६ सालच्या जुलैत न्यूयॉर्कहून फटफट्यांवर निघाल्या आणि कॅलिफोर्नियापर्यंत गेल्या. पश्चिमेकडचे रस्ते म्हणजे बहुतेक चिखल आणि पायवाटा. वाटेत पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर त्या गाड्यांनी चढल्या. लष्करात निरोप पोहोचवायचे काम बायकाही करू शकतील, हे त्यांना दाखवायचे होते. झाले काय? पुरुषी कपडे घातले म्हणून वाटेतल्या लहान गावांत त्यांना पोलिसांनी अडवले, आणि लष्करानेही ॲडलीनचा अर्ज नाकारला. पण त्या पोहोचल्या, हे कोणाला पुसता आले नाही.

आपल्या देशातले सांगते. बंगळूरची ऐश्वर्या पिस्से ही मुलगी खडकाळ, मातीच्या प्रदेशांतल्या शर्यतींत भाग घेते. २०१८ साली स्पेनमधल्या शर्यतीत पडून तिच्या पोटाला गंभीर इजा झाली. पुढल्याच वर्षी, २०१९ साली, ती पुन्हा उतरली आणि महिलांच्या गटात बाहा विश्वचषक जिंकला. मोटार-शर्यतीत जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. पुरुषांमध्ये सी. एस. संतोष २०१५ साली डकार ही जगातली अवघड शर्यत पुरी करणारा पहिला भारतीय ठरला. आपल्या मुलींनी शर्यतीत जावे असे मी म्हणत नाही. तेवढी हिंमत, पैसा आणि शिक्षण वेगळे लागते. परंतु 'बाईच्या जातीला हे झेपत नाही' हे कारण मात्र आता कोणी देऊ नये.

आता दुसरी बाजू. रान आपल्या बापाचे नाही. कास पठार, कोयना, चांदोली हे आपल्या शेजारचे प्रदेश २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरले. कासला साडेआठशेहून अधिक जातींच्या वनस्पती आहेत, आणि त्या उभ्या आहेत जांभ्या खडकावरच्या अगदी पातळ मातीवर. त्या मातीवरून एकदा चाक गेले की सरी पडते, पावसाळ्यात त्या सरीतून पाणी धावते आणि माती वाहून जाते. आपण अंगणात सडा घातल्यावर कोणी सायकल फिरवली तर आपल्याला कसे वाटते? इथे तर सडा पुन्हा घालता येत नाही. म्हणून आमच्या घरचे काही नियम आहेत.

गाडी असलेल्या गाडीवाटेवरूनच न्यायची. माळावर, कुरणात, देवराईत चाक घालायचे नाही. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून शिरायचे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कोयना-चांदोलीचे रान २०१० पासून व्याघ्रप्रकल्पही आहे. जुन्या घाटवाटा, जिथे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि तांदूळ ये-जा करत, त्या पायांसाठी आणि खुरांसाठी बांधल्या आहेत. त्यांच्या दगडी पायऱ्यांवर गाडी चढवणे म्हणजे त्या उखडणे. सायलेन्सर बदलून आवाज वाढवायचा नाही. गवा दिसला की लांबच थांबायचे, इंजिन बंद करायचे, हॉर्न वाजवायचा नाही, त्याला त्याच्या वेळेने जाऊ द्यायचे. मार्च-एप्रिलात तापलेली गाडी वाळल्या गवतात उभी करायची नाही, त्यातून वणवा पेटतो. वाडीतून जाताना गाडी सावकाश न्यायची. तिथे कोंबड्या असतात, म्हातारी माणसे असतात, पोरे खेळत असतात. आणि कोणाच्या शेतातून जायचे तर आधी विचारायचे. दोन-चार उनाड टोळकी हे पाळत नाहीत, म्हणून वाडीतले लोक साऱ्यांनाच शिव्या देतात. त्यांचा राग योग्य आहे.

एक खासगी गोष्ट सांगू का? थोरलीला एक स्थळ आले होते. सगळे जुळत आले. त्या मंडळींनी निरोप पाठवला की लग्नानंतर गाडी सोडावी लागेल. तिने निरोप पाठवला, "एका रविवारी येऊन पाहा, मग सांगा." ती मंडळी आली नाहीत. आमच्या घरात चार दिवस अबोला होता. सासूबाई अजूनही मधून मधून हे बोलून दाखवतात. मलाही रात्री कधी कधी झोप लागत नाही. आईचे काळीज आहे. रविवारी ती परत येईपर्यंत माझे एक कान दाराकडे असतो. हे मी लपवत नाही, कारण ज्या आया आज निर्णय घेणार आहेत, त्यांच्या वाट्यालाही हे येणार आहे.

म्हणून नको म्हणण्याआधी किंवा हो म्हणण्याआधी आपल्या मुलीला पाच प्रश्न विचारा. पहिला: परवाना आहे का? अठरा वर्षे पुरी आहेत का? दुसरा: हेल्मेटवर आयएसआयची खूण आहे का, आणि गुडघे, कोपरे, छाती यांची ढाल, हातमोजे व घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आहेत का? नसतील तर आधी ते घ्या, गाडी मागाहून. तिसरा: बरोबर कोण आहे? रानात एकटीने जायचे नाही. तिथे फोन लागत नाही. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी लिहून ठेवून जायचे. चौथा: चेन, ब्रेक, टायर आज सकाळी कोणी तपासले? "पप्पांनी" हे उत्तर चालणार नाही. तिनेच तपासले पाहिजेत. पाचवा: पडलेली गाडी तुला एकटीला उचलता येते का?

हा पाचवा प्रश्न महत्त्वाचा. तीन पोती सिमेंटचे वजन हातांनी उचलू जाल तर कंबर जाईल. त्याची रीत आहे. इंजिन बंद करायचे, गाडी गिअरमध्ये ठेवायची म्हणजे ती घरंगळत नाही. गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसायचे, एका हाताने हँडल आणि एका हाताने मागची दांडी धरायची, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोराने लहान लहान पावले मागे टाकत उठायचे. धान्याचे पोते भिंतीला लावताना आपण हेच करतो. मी ती याच रीतीने उचलली. जी मुलगी पडलेली गाडी उचलू शकते, ती रानात अडकून पडत नाही, आणि पडण्याची भीतीही तिच्या मनातून निम्मी जाते.

माझी मंडळाला एक विनंती आहे. दिवाळीनंतर जमीन वाळली की एका रविवारी सकाळी गावाबाहेरच्या त्या माळावर या. रानात नाही, माळावरच. थोरली तिन्ही मुलींना प्रथम गाडी उचलायला शिकवील, मग उभे राहायला, मग विटांशेजारून न्यायला. आयांनी समोर बसून पाहावे. ज्यांना पटेल त्यांनी पुढे जाऊ द्यावे. ज्यांना पटणार नाही त्यांनी नको म्हणावे, त्यांच्याविषयी मनात काही राहणार नाही. चहा आणि पोहे माझ्याकडे लागले. सासूबाईही येणार आहेत, त्या म्हणाल्या, "बघायला काय पैसे पडतात?"

मी फार बोलले. सातवी शिकलेल्या बाईच्या बोलण्यात चूकभूल झाली असेल तर आपण सांभाळून घ्याल, अशी आशा आहे.